मुंडा हात

उंचीपायी मी आयुष्यभर बोलणी खाल्ली आणि त्याच उंचीच्या जोरावर एका धरणाचा मासा राखला. यातलं पहिलं आमच्या मोशीच्या सोसायटीतल्या बायकांना लगेच पटतं, कारण मी लिफ्टमध्ये शिरले की त्या अजूनही मान वर करून बघतात. दुसरं कुणालाच पटत नाही. "काकू, काहीही हं!" म्हणतात. काहीही नाही बायांनो, खरंच राखला. गुडघे कुरकुरायला लागलेत, तेव्हा आता तरी लिहून ठेवावं म्हणून बसले आहे. शिवाय नात चौथीत आहे आणि आत्ताच वर्गात सगळ्यांत उंच दिसते. परवा शाळेच्या फोटोत गुडघ्यात वाकून उभी राहिलेली दिसली. माझं पित्तच खवळलं. हे मुख्यतः तिच्यासाठी.

चाकणच्या मागं, डोंगराच्या अंगाला धरण आहे. पाणी भरलं तेव्हा नदीकाठची आमची भोयांची वस्ती उठून धरणाच्या काठावर येऊन बसली. दोन वस्त्या झाल्या, एक खालची, भिंतीजवळची, ती आमची. दुसरी वरची, पाण्याच्या शेपटाकडची, नदी धरणात शिरते तिथली. पाणी एक, मासा एक, आणि मासेमारीची संस्थाही एकच. दरसाल श्रावणात संस्था रोहू-कटल्याचं बी आणून सोडायची. बोटाएवढी पिल्लं, त्यांना बोटुकली म्हणतात. ती पिशव्यांतून पाण्यात सोडताना आमचे आण्णा हात जोडायचे. आण्णा म्हणजे माझे वडील, संस्थेचे चेअरमन. घरात मात्र त्यांना कुणी चेअरमन धरत नसे. आईचा शब्द शेवटचा.

आमच्या घरात पहाट व्हायची ती जाळ्याच्या शिशाच्या मण्यांच्या आवाजानं. आण्णा अंधारातच होडीकडं जायचे, खांद्यावर जाळं, आणि ते मणी एकमेकांवर आपटत वस्तीभर किणकिण करत जायचे. मग चूल पेटायची. आई भाकरी थापायला बसली की तिच्या बांगड्यांचा आणि परातीचा असा ठेका लागायचा, की मी अंथरुणातच भाकरी किती झाल्या ते सांगत असे. संध्याकाळी ती जाळी विणायची. आमच्या वस्तीतली निम्मीअधिक जाळी तिच्या हातची. जाळ्याचं एकेक भोक, त्याला आम्ही आस म्हणतो, चार बोटांचं असलं पाहिजे हा आण्णांचा हट्ट. विणून झालं की ते आपली चार बोटं आसात घालून बघायचे. बोटं आरपार गेली तर जाळं पास. "ल्हानगा मासा निसटला पायजे," म्हणायचे, "त्याला आजून आईबाप व्हायचंय."

आणि जेवण! नुसत्या आठवणीनं तोंडाला पाणी सुटतं. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला, चिंचेचा कोळ, त्यात रोहूच्या तुकड्या. डोकं आण्णांना, पोटाकडची तुकडी आईची म्हणजे खरं तर कुणा पाहुण्याची, आणि मला कायम शेपटाकडची, काट्याची. मी कुरकुरले की आई म्हणायची, "खा. काटं काढंपातूर तरी तोंड बंद राहील." माझं तोंड तेव्हापासूनच चालतं, हे इथं कबूल करून टाकलेलं बरं.

उंचीचं म्हणाल तर सतराव्या वर्षी मी आण्णांच्या डोक्यावरून पलीकडचं पाणी बघू शकत होते. वस्तीत मला 'बांबू' म्हणायचे. हात तर असे लांब, की चोळीच्या बाह्या नेहमी आखूड पडायच्या. आमच्या शेजारी चांगुणामावशी राहायची. आईची मैत्रीण, ठेंगणी, तोंडाची फटकळ आणि मनाची सोन्यासारखी. ती मला बघून रोज एकदा तरी उसासा टाकायची. "सुमे, वाकून चालत जा गं बाई. तुझ्या मापाचा नवरा काय आता धरणातनं काढायचा?" मी वाकायची. आईच्या पाठोपाठ टेम्पोतून बाजाराला जायची तेव्हाही वाकून बसायची. बायका मासा घेऊन चाकणला उतरत, काही मोशीला, आई आणि मी थेट थेरगावला, डांगे चौकाजवळ. कंपन्यांतली माणसं रविवारी झुंबड करायची. आई विळीवर मासा धरायची आणि मी खवले काढायची. मोठा रोहू असला की आई गिऱ्हाइकाला हाक मारतच नसे, नुसती त्याला शेपटीकडून उचलून धरायची.

पुढं पुढं उचलून धरण्याजोगा मासाच येईना. कारण वस्तीत तंगूसाची, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्याची जाळी आली होती. तयार, बाजारची, स्वस्त, पाण्यात दिसायची नाहीत अशी, आणि आस जेमतेम दोन बोटांचा. पहिलं जाळं आणलं ते आमच्याच घरातल्या माणसानं. दत्तूकाका आण्णांचा धाकटा भाऊ. तो चिंचवडला कंपनीत होता आणि शिफ्ट संपवून आला की होडी काढायचा. त्याला विणत बसायला वेळ कुठला? त्याच्या जाळ्यात पहिल्या आठवड्यात घमेली भरून मासा आला, आणि मग काय, ज्याच्या त्याच्या होडीत तंगूस. दोन हंगाम चंगळ झाली. तिसऱ्या हंगामात माणसं अख्खी पहाट पाण्यावर काढून घमेल्याच्या बुडाला पुरेल एवढा मासा घेऊन यायला लागली, आणि तोही पोरवयाचा. आण्णा तेवढे आपलं चार बोटांचं जाळं घेऊन जायचे आणि बऱ्याचदा ओल्या धोतरानिशी रिकामे परत यायचे.

तेव्हा मत्स्य खात्याचे साहेब आले. भला माणूस. खुर्ची दिली तर म्हणाले, मी पण घोंगडीवरच बसतो. त्यांनी सरळ सांगितलं, की तुमच्या धरणात मासा उरला नाही असं वर कळलंय, असंच राहिलं तर संस्थेकडून पाणी काढून बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं घाटतंय. ठेकेदार म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. शेजारच्या एका तलावावर आला होता. त्यानं सगळा तलाव ओढून नेला आणि तिथले भोई त्याच्याकडं रोजानं जाळी ओढायला लागले. स्वतःच्या पाण्यावर मजूर! साहेब म्हणाले, "पण मला आधी तुमचं म्हणणं ऐकायचंय. काय केलं म्हणजे मासा राहील?"

झालं, म्हणणं सुरू झालं. आम्ही बायका चहा देत कडेला उभ्या. सभासद सगळे पुरुष, कारण होड्या त्यांच्या नावावर. खालच्या वस्तीचे म्हणाले, वरची वस्ती विणीच्या दिवसांत शेपटाकडं जाळी लावते. वरच्या वस्तीचे म्हणाले, खालच्यांनी भिंतीजवळचा सगळा मोठा मासा उपसला. एकजण म्हणाला, पाणकावळे फार झालेत. दुसरा म्हणाला, धरणाचं दार उघडलं की मासा वाहून जातो. एका म्हाताऱ्यानं सगळं खापर शहराला मासा खायला शिकवणाऱ्यांवर फोडलं. दत्तूकाका मात्र उठला आणि खरं बोलला. "साहेब, आमाला कळत न्हाई व्हय? कळतंय. पण आज मी बारका मासा सोडला, तर उद्या तो मोठा होऊन माझ्याच जाळ्यात यील ह्याची ग्यारंटी काय? मी सोडायचा आन् पलीकडच्या राणूनं धरायचा. त्यापेक्षा मीच धरतो की!" सगळे हसले, राणूसुद्धा. पण बघा, अख्ख्या धरणाचं दुखणं त्यानं एका दमात सांगितलं होतं.

साहेबांनी ठराव मांडला. आषाढ-श्रावणात जाळी बंद, आस चार बोटांचा, आणि लहान रोहू-कटला धरायचा नाही. चिलापीला नियम नाही, ती कितीही काढा, तिची पैदास कुणाच्या बापाला आटोपत नाही. सगळ्यांचे हात वर. टाळ्या. साहेब समाधानानं गेले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच तंगूसं, तोच बारका मासा. जो तो म्हणे, आधी त्यानं काढू दे, मग मी काढतो. आण्णा दारोदार फिरले. चेअरमनला लोक हो म्हणायचे, चहा पाजायचे आणि संध्याकाळी जाळं लावायचे. एकदा आण्णा जेवताना ताटावरून उठले. "माझ्या हयातीत पाणी जाणार," एवढंच बोलले. मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही, पण त्या दिवशी माशाचं डोकं तसंच राहिलं ताटात. आई बराच वेळ त्या ताटाकडं बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी टेम्पोची वाट बघताना आई बायकांना म्हणाली, "धरणारं बाप्ये हायती. पण इकणार कोण? आपुन. आपुन पाटीच उचलली न्हाई तर?" एकदम सगळ्या बोलायला लागल्या. बारका मासा विकायला न्यायचाच नाही हे ठरायला वेळ लागला नाही. भांडण जुंपलं ते मापावरून. बारका म्हणजे केवढा? आई म्हणाली, मुंडा हात. म्हणजे कोपरापासून वळलेल्या मुठीपर्यंत. त्याहून आखूड मासा पाटीत घ्यायचा नाही. पण मुंडा हात कुणाचा? चांगुणामावशीनं आपला हात पुढं केला आणि सगळ्या खो खो हसल्या. तिच्या हातानं मोजलं असतं तर बोंबीलसुद्धा पास झाला असता. आईचा हात घ्यावा, तर म्हणणार चेअरमनबाईचं राज्य आलं. कुणी काही, कुणी काही. शेवटी मावशीच ओरडली, "अगं, ही बांबू हाय की! हिच्या हाताला जो मासा पुरंल त्यो म्हातारा झालेला आसंल. हिचाच हात धरा!" मी लाजेनं हात पदराखाली घेतला. आईनं तो धरून बाहेर काढला आणि बायकांसमोर उभा धरला. "ठरलं," म्हणाली.

घरी आल्यावर तिनं आण्णांना सांगितलं. आण्णा हसले. "करा की. मला काय त्याचं? माझं जाळं चार बोटांचं." फार दिवसांनी ते हसले होते. पण त्याच दिवशी त्यांचं जाळं पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या खोडाला अडकून फाटलं होतं. एरवी आईनं ते तिन्हीसांजेला सांधून दिलं असतं. त्या संध्याकाळी आई घरोघरी बायकांना उद्याचं सांगत फिरत होती आणि जाळं तसंच कुडाला टांगलेलं राहिलं. आण्णांनी काय करावं? दत्तूकाकाकडं जास्तीचं जाळं होतं, ते मागून नेलं. आम्हाला दोघींनाही हे ठाऊक नव्हतं.

सकाळी आम्ही साऱ्याजणी काठावर ओळीनं उभ्या. पाण्यावर धुकं. मला वाटत होतं, पहिली होडी राणूची यावी. राणूशी भांडायला काही वाटलं नसतं, त्याच्याशी सगळेच भांडायचे. धुक्यातून होडी आली ती आण्णांची. ऐटीत उभे होते. आज आपल्या घरची पाटी पहिली भरणार, म्हणून असेल. त्यांनी क्रेट काठावर उतरवला आणि आईचा चेहरा उतरला. वरूनच दिसत होतं. तंगूसात गळ्याला करकचून धरलेला मासा कळतो, मानेवर बारीक रेघ उमटते.

"बघतीस काय? भर पाटीत," आण्णा मला म्हणाले.

मी बसले. एक रोहू घेतला, फळीवर ठेवला, शेपटाशी कोपर टेकवलं, मूठ वळली. मासा मनगटाशीच संपला. पुन्हा मोजला. मनगटाशीच. मागं चांगुणामावशी कुजबुजली, "घे गं सुमे, आजच्या दिस घे. बाप हाय." मला काय वाटलं म्हणून सांगू! वाटलं, धुकं आणखी दाट व्हावं आणि मी त्यात कुठंतरी निघून जावं. पण पाण्यावर आणखी होड्या थांबल्या होत्या. दत्तूकाकाची, राणूची, वरच्या वस्तीच्या दोन. सगळे वल्ही थांबवून बघत होते. इथं मी मान डोलावली असती, तर त्या सगळ्यांनी आपापल्या क्रेटसकट हसत काठ गाठला असता, आणि पाणी गेलं असतं.

"आण्णा, बसत न्हाई," मी म्हणाले.

"काय?"

"मापात बसत न्हाई."

"कुणाचा मासा हाय, म्हाईत हाय न्हवं?"

"व्हय. चेअरमनचा."

होडीवरून कुणीतरी फिसकन हसलं. आण्णांनी आईकडं बघितलं. बघणं असं, की दुसरी कुणी असती तर पाटी टाकून पळाली असती. आई पदर खोचून उभी होती. "माझ्याकडं काय बघता?" ती म्हणाली. "हात तिचा हाय."

आण्णा माझ्यासमोर उकिडवे बसले. "दुसरा मोज," म्हणाले. मी मोजला. "तिसरा." तेच स्वतः एकेक मासा काढून फळीवर ठेवत होते आणि मी कोपर टेकवून मूठ वळत होते. क्रेट संपला तेव्हा पाटीत दोन कटले होते आणि बाकीचा ढीग फळीच्या दुसऱ्या बाजूला. आण्णा उठले. मी डोळे मिटून घेतले होते, खरं सांगते. वाटलं, आता लाथ बसणार फळीला. त्यांनी होड्यांकडं तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "माझ्याकडं सबब हाय. खरी हाय, घरात टांगलेली हाय. पन सांगत न्हाई. एकाची सबब ऐकली की समद्यांच्या ऐकाव्या लागत्यात." मग आईला म्हणाले, "चूल मांड हितंच. मेलेला मासा पाण्यात टाकून काय जित्ता व्हतोय? पन बाजारात जायचा न्हाई. हितंच शिजंल, हितंच खायचा, समद्यांनी."

दत्तूकाकानं होडी काठाला लावली. त्याच्या क्रेटमधला तर एकही मासा मापात नव्हता. मोजायला लावलाच नाही त्यानं, सरळ चुलीपाशी नेऊन ओतला. "दादाचाच माघारी लागला, मग आमचं काय घेऊन बसलाय राव," म्हणाला. राणूनं थोडी कुरकुर केली, पण चांगुणामावशीनं विळी त्याच्या पुढ्यात सरकवली. "हं, साफ कर. खायला येतोस तसा."

दगडांच्या तीन चुली पेटल्या. मोठ्या पातेल्यात हिरवी मिरची, लसूण, चिंच आणि तो सगळा पोरवयाचा मासा. बाजरीच्या भाकरी घराघरातून आल्या. वरच्या वस्तीची माणसंही बसली. काटे बारीक, चावता चावता माणसं गप्प, आणि त्या गप्प बसण्यात कुणाला राग नव्हता. आयुष्यात पुढं मी लग्नाकार्यांत खूप जेवले, या मोशीत तर हॉटेलांची रांग आहे, पण त्या कालवणाची चव नाही. आण्णांनी त्या दिवशी डोकं माझ्या ताटात वाढायला लावलं.

बातमी टेम्पोतून पसरली. वरच्या वस्तीच्या बायका म्हणाल्या, आम्हालाही माप द्या. आता माझा हात काही तोडून देता येत नव्हता. मग चांगुणामावशीनं निरगुडीची सरळ काठी आणली, माझ्या कोपराला लावली आणि मुठीशी कापली. तशा आणखी कापल्या. मासा उतरायचा तिथं तिथं धरणाच्या काठानं माझा हात जाऊन बसला. साहेब पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांनी काठी उचलून विचारलं, हे माप कुठून आलं? सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. साहेबांनी आपला टेप लावून बघितला, मान डोलावली आणि तेच माप ठरावात घातलं. काठ्यांवर लबाड्याही झाल्या, नाही असं नाही. राणूनं एकदा काठी तासून आखूड केली. पण मी होते ना! काठीवर शंका आली की माणसं मूळ हाताकडं यायची. दत्तूकाकाचं तंगूस आमच्या अंगणात आडवंतिडवं बांधलं गेलं आणि त्यावर दोडक्याचे वेल चढले. इतकं घसघशीत पीक त्या जाळ्यानं पाण्यात कधी दिलं नव्हतं.

मासा काही लगेच आला नाही. पुढचं वर्ष तंगीतच गेलं, बायकांनी भाजी विकली, आण्णांनी शिव्या खाल्ल्या. त्याच्या पुढच्या हंगामात एका सकाळी आण्णांच्या चार बोटांच्या जाळ्यात असा रोहू आला, की तो माझ्या मुठीच्या पुढं, बोटांच्या पुढं गेला आणि शेपूट फळीखाली लोंबायला लागलं. आईनं डांगे चौकात तो दोन्ही हातांनी उचलून धरला आणि गर्दी जमली. ठेकेदाराचं नाव मग कुणी काढलं नाही. धरण आजही संस्थेकडं आहे. कुरुळीत तेव्हा शेतं होती, आता कामगारांच्या खोल्याच खोल्या, आणि तिथल्या बाजारातही आमच्याच धरणाचा मासा जातो. मी कधीमधी उगीच जाते, मासेवाल्या पोरीसमोर हात धरते आणि मूठ वळते. ती म्हणते, "मावशी, बसतोय, बसतोय, घ्या."

आता शेवटचं. मला बघायला चिंचवडचे पाहुणे आले. मुलगा कंपनीत होता, माणसं शिकलेली. चांगुणामावशीनं सकाळपासून कानात जप लावला होता, "सुमे, पोहे देताना वाक. मग बसून ऱ्हा. ते जाईस्तवर उठायचं न्हाई. बसलेली बाई किती उंच हाय ते कळत न्हाई." मी पोहे दिले आणि पाय पोटाशी घेऊन बसले. प्रश्न झाले, शिक्षण झालं, सैपाक झाला. मुलाची आई म्हणाली, "मुलगी जरा थोराड वाटते का हो?" आई काहीतरी सारवासारव करायला गेली. आण्णांनी तिला हातानं थांबवलं.

"सुमन, ऊठ," म्हणाले. एरवी मी सुमी. मी बघतच राहिले. "ऊठ म्हंतो ना. हुबी ऱ्हा. सरळ. आन् हात फुडं कर." मग पाहुण्यांकडं वळले. "ह्यो हात बघून घ्या. माझा मासा ह्या हातानं माघारी लावला. समद्या गावासमोर, बापाचा. ह्याच हातानं आमचं धरण राखलं. घरात न्यायची आसंल तर ईचार करून न्या, मापात कुनालाच सवलत मिळायची न्हाई. आन् ही वाकली म्हून बरी दिसंल आसं वाटत आसंल, तर च्या घ्या आन् निघा."

मावशीनं कपाळावर हात मारला. मुलगा, म्हणजे आमचे हे, माझ्याहून बोटभर आखूडच, मान वर करून माझ्याकडं बघत होते आणि हसत होते. मी उभी होते. डोकं आढ्याच्या बांबूला लागत होतं, तरी मान खाली घातली नाही.